घरी जाताना पाऊस आला, तर घरी कोण जात होतं?

माझ्या वर्गातल्या एका विद्यार्थ्याच्या स्कूटरला सिग्नलवर टेम्पोने मागून धडक दिली. इंडिकेटर फुटला, मागचं मडगार्ड आत गेलं. विम्याच्या पैशांसाठी त्याने इंग्रजीत अर्ज लिहिला. अर्जातलं पहिलंच वाक्य असं होतं: "व्हाइल स्टँडिंग ॲट द सिग्नल, अ टेम्पो हिट माय स्कूटर फ्रॉम बिहाइंड." काही दिवसांनी विमा कंपनीकडून विचारणा आली: टेम्पो उभा होता की चालू होता, ते स्पष्ट करावं. तो अर्ज घेऊन माझ्याकडे आला आणि म्हणाला, "मॅडम, सिग्नलला उभा असताना टेम्पोने ठोकलं, यात न कळण्यासारखं काय आहे?"

मराठीत काहीच नाही. इंग्रजी वाक्याने मात्र सिग्नलला उभं राहायचं काम टेम्पोकडे दिलं होतं. उभा टेम्पो मागून धडक कशी देईल, हा पलीकडच्या माणसाचा प्रश्न रास्त होता.

नोकरी सांभाळून संध्याकाळी इंग्रजी शिकायला येणाऱ्यांना मी शिकवते. काळ, आर्टिकल, प्रश्नार्थक वाक्यं यांवर त्यांनी शाळेत पुष्कळ घाम गाळलेला असतो. पार्टिसिपल क्लॉज मात्र नुसता उरकलेला असतो. सोडवलेली दहा उदाहरणं, खाली उत्तरं आणि संपलं. मराठी बोलणारा माणूस नेमका कुठे घसरतो आणि का घसरतो, हे कोणी सांगितलेलं नसतं. त्यामुळे हा विषय मी मराठीच्या बाजूने उलगडते. इंग्रजी वाक्यं मुद्दाम देवनागरीत लिहिली आहेत. ती मोठ्याने वाचा, कारण चूक आधी कानाला खटकते आणि मग नियम आठवतो.

'हात धुऊन जेवायला बस.' हे वाक्य ऐकल्याशिवाय मराठी घरात कोणी मोठं झालेलं नाही. यात कामं दोन आहेत, धुणं आणि बसणं. पण पूर्ण क्रियापद एकच, 'बस'. 'धुऊन' या रूपाला स्वतःचा काळ नाही, पुरुष नाही, वचन नाही. धुणारा कोण हेही ते सांगत नाही, ते 'बस'कडून उसनं घेतं. अशा रूपाला आपण धातुसाधित म्हणतो, कृदंतही म्हणतो. इंग्रजीत त्याच जातीचं रूप म्हणजे पार्टिसिपल. त्याच्याभोवती चार शब्द जमले की झाला पार्टिसिपल क्लॉज, म्हणजे स्वतःचा कर्ता आणि स्वतःचा काळ नसलेलं, मुख्य वाक्याच्या आधाराने उभं राहिलेलं अर्धं वाक्य.

इंग्रजीत याची मुख्य रूपं तीन. पहिलं "डूइंग": काम चालू आहे किंवा मुख्य कामाच्या सोबतीने होतं आहे. "वॉकिंग टु द स्टेशन, आय मेट माय ओल्ड टीचर." स्टेशनकडे चालत जाताना जुने सर भेटले. दुसरं "डन": हे कर्मणी आहे, म्हणजे मुख्य वाक्याचा कर्ता काही करत नाही, त्याच्यावर काहीतरी केलं गेलेलं असतं. "बिल्ट ऑन अ रॉक इन द सी, जंजिरा वॉज नेव्हर कॅप्चर्ड बाय द मराठाज." जंजिऱ्याने काही बांधलं नाही, तो बांधला गेला. तिसरं "हॅविंग डन": मुख्य कामाच्या आधी उरकलेलं काम. "हॅविंग प्लेड २०० टेस्ट मॅचेस, तेंडुलकर रिटायर्ड इन २०१३." आधी दोनशे कसोटी सामने, मग निवृत्ती.

इथे पहिली सावधगिरी. 'धुऊन'मधला 'ऊन' हा प्रत्यय दिसला की "हॅविंग" लावायची सवय फार जणांना असते. 'ऊन' हे आपल्या स्वयंपाकघरातलं रूप आहे, दिवसातून शंभरदा तोंडात येणारं. "हॅविंग डन" हे लेखी, थोडं औपचारिक रूप आहे. मुलाला जेवायला बोलावताना इंग्रज आई "हॅविंग वॉश्ड युअर हँड्स" असं म्हणणार नाही. ती म्हणेल, "वॉश युअर हँड्स अँड कम अँड ईट." बोलण्यात आपल्या 'ऊन'चं काम इंग्रजी बरेचदा साध्या "अँड"कडून करून घेते. शिवाय दोन कामं लागोपाठ, श्वासही न घेता झाली, तर लेखी इंग्रजीतही साधं "डूइंग" पुरतं: "ओपनिंग द डोअर, शी लेट द कॅट इन." दार उघडून तिने मांजराला आत घेतलं. आधीचं काम पूर्ण झालं होतं हे ठसवायचं असेल किंवा मध्ये बराच वेळ गेला असेल, तेव्हा "हॅविंग" घ्यावं.

आता उभयान्वयी अव्ययाकडे येऊ, म्हणजे "व्हेन", "व्हाइल", "इफ", "दो" वगैरे. पार्टिसिपलच्या आधी हे शब्द कधी लावायचे आणि कधी नाही, हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारला जातो. त्याचं उत्तर आपल्या प्रत्ययांत आहे.

मराठीत धातुसाधितं संबंध लपवत नाहीत. 'असताना' म्हटलं की वेळ आली. 'असल्याने' म्हटलं की कारण आलं. 'असल्यास' म्हटलं की अट, 'असूनही' म्हटलं की विरोध. प्रत्ययच सगळं सांगून टाकतो. इंग्रजीची "डूइंग", "डन" ही रूपं मात्र याबाबतीत मुकी आहेत. "नॉट नोइंग हर नंबर, आय वेंट टु हर हाउस." नंबर ठाऊक नसल्याने मी घरी गेले, हे कारण आपण समजुतीने काढलं. "ड्रिव्हन केअरफुली, धिस स्कूटर विल लास्ट फॉर इयर्स." नीट चालवली तर, ही अटही आपणच ओळखली. "द पानशेत डॅम बर्स्ट ऑन १२ जुलै १९६१, फ्लडिंग लार्ज पार्ट्स ऑफ पुणे." पानशेतचं धरण फुटलं आणि त्यामुळे पुण्याचा मोठा भाग पाण्याखाली गेला, हा परिणाम. रूपं तीच, अर्थ तीन. परिणाम सांगणारा तुकडा नेहमी मागे येतो. तो पुढे आणून "फ्लडिंग पुणे, द डॅम बर्स्ट" केलं की आधी पूर आणि मग धरण, असा उलटा प्रकार होतो.

वाचणाऱ्याला संबंध आपोआप कळणार असेल, तर मुकं रूप छान दिसतं, वाक्य हलकं होतं. कळणार नसेल, तर पुढे एक शब्द उभा करावा लागतो. तो शब्द म्हणजे उभयान्वयी अव्यय. आपला प्रत्यय क्रियापदाच्या मागे लागतो, इंग्रजीचं अव्यय पुढे येऊन थांबतं, काम दोघांचं एकच. 'वाचताना' म्हणजे "व्हाइल रीडिंग". 'वाचल्यावर' म्हणजे "आफ्टर रीडिंग". 'वाचण्यापूर्वी' म्हणजे "बिफोर रीडिंग". 'रुजू झाल्यापासून' म्हणजे "सिन्स जॉइनिंग". 'गरज पडल्यास' म्हणजे "इफ नीडेड". 'सांगितल्याशिवाय' म्हणजे "अनलेस टोल्ड". 'सांगेपर्यंत' म्हणजे "अंटिल टोल्ड".

या जोड्या लावत गेलं की एक प्रत्यय जोडीदाराविना उरतो, आणि तिथेच सगळ्यात मोठा खड्डा आहे. तो प्रत्यय 'ल्यामुळे'.

'आजारी असल्यामुळे मी येऊ शकलो नाही.' मराठीत 'असल्या' या धातुसाधिताला 'मुळे' चिकटतं, अगदी बिनबोभाट. म्हणून माणूस इंग्रजीतही तसंच करतो: "बिकॉज बीइंग इल, आय कुड नॉट कम." रजेच्या अर्जांत हे वाक्य मी इतक्या वेळा पाहिलं आहे की आता वाचायच्या आधीच दिसतं. इंग्रजीत "बिकॉज"च्या पुढे पार्टिसिपल चालत नाही. कारण सांगणारं "ॲज" घेतलं तरी चालत नाही. कारण सांगायचं तर रस्ते दोन: पार्टिसिपल एकटं ठेवा, "बीइंग इल, आय कुड नॉट कम", नाहीतर पूर्ण वाक्य करा, "बिकॉज आय वॉज इल, आय कुड नॉट कम." रजेच्या अर्जात मी दुसराच सुचवते, तो सरळ आहे. "बिकॉज ऑफ" हा वेगळा शब्दप्रयोग आहे, त्याच्यापुढे नाम येतं: "बिकॉज ऑफ फीव्हर".

"सिन्स"चं प्रकरण याच्याच शेजारचं. "सिन्स आय जॉइन्ड धिस ऑफिस" या पूर्ण वाक्यात "सिन्स"चे दोन अर्थ होऊ शकतात, रुजू झाल्यापासून आणि रुजू झाल्यामुळे. पण "सिन्स जॉइनिंग धिस ऑफिस" म्हटलं की दुसरा अर्थ गळून जातो. पार्टिसिपलसोबत "सिन्स" फक्त वेळ दाखवतं. "सिन्स बीइंग इल, आय कुड नॉट कम" हे म्हणूनच फसतं.

विरोधाची गोष्ट उलट आहे, तिथे अव्यय गाळून चालत नाही. मराठीत एक छोटासा 'ही' किती काम करतो पाहा. 'धोका ठाऊक असून तो गेला नाही' आणि 'धोका ठाऊक असूनही तो गेला'. इंग्रजीत नुसतं "नोइंग द डेंजर" म्हटलं की वाचणारा पहिल्यांदा कारणच धरतो: धोका ठाऊक होता, म्हणून. "नोइंग द डेंजर, ही वेंट इन" हे वाचून तो अडखळतो. तो 'ही' इंग्रजीत आणायचा तर "दो" किंवा "ऑल्दो" लागतं: "दो नोइंग द डेंजर, ही वेंट इन." रोजच्या बोलण्यात याजागी "डिस्पाइट नोइंग द डेंजर" जास्त ऐकू येतं. फक्त "डिस्पाइट"ला "ऑफ" जोडू नका, ते "इन स्पाइट"चं आहे.

एक बारीक पण फार उपयोगी फरक मला घरच्या फ्रिजमधल्या सॉसच्या बाटल्यांनी शिकवला. एका बाटलीवर छापलं होतं, "रेफ्रिजरेट आफ्टर ओपनिंग." शेजारच्या बाटलीवर, "वन्स ओपन्ड, कीप रेफ्रिजरेटेड." दोन्ही बरोबर. मग "आफ्टर ओपन्ड" का चालत नाही? तर "वन्स", "व्हेन", "व्हाइल", "इफ", "अनलेस", "अंटिल", "दो" यांच्यापुढे कर्मणी रूप थेट येतं: "व्हेन आस्क्ड", "इफ रिक्वायर्ड", "अनलेस अदरवाइज स्टेटेड". पण "आफ्टर", "बिफोर" आणि "सिन्स" यांना ते सोसत नाही. त्यांना मध्ये "बीइंग" लागतं: "आफ्टर बीइंग आस्क्ड", "बिफोर बीइंग सेंट". याचं कारण असं की क्रियेच्या अशा रूपासमोर हे तिन्ही शब्द अव्ययापेक्षा "ऑफ" आणि "विदाउट" यांच्या बिरादरीत वागतात, आणि त्या बिरादरीला पुढे नाम किंवा नामासारखं रूप हवं असतं. "वन्स"ची आवड नेमकी उलट: त्याला "ओपन्ड" रुचतं, "ओपनिंग" फारसं रुचत नाही.

"आफ्टर हॅविंग" याबद्दलही सतत विचारतात. ते चूक नाही, पण "आफ्टर"ने 'नंतर' सांगितलं आणि "हॅविंग"नेही तेच सांगितलं. एकाच पाकिटावर दोनदा तिकीट लावल्यासारखं होतं. "आफ्टर फिनिशिंग" म्हणा किंवा "हॅविंग फिनिश्ड" म्हणा.

"व्हेन" आणि "व्हाइल" यांत फार अडकू नका. काम लांबत चाललेलं असेल तर "व्हाइल": "व्हाइल वेटिंग फॉर द बस". दरवेळी लागू होणारी सूचना असेल तर "व्हेन": "व्हेन यूजिंग धिस मशीन, वेअर ग्लव्ह्ज." एकदाच, क्षणात झालेली गोष्ट असेल, म्हणजे मराठीत जिथे 'ऐकताच', 'पोहोचताच' येतं, तिथे "ऑन" घ्या: "ऑन हिअरिंग द न्यूज, ही लेफ्ट फॉर सातारा."

आणि या सगळ्या अव्ययांना मिळून एक नियम, जो मोडला की लगेच कानाला टोचतो: अव्यय आणि पार्टिसिपल यांच्या मध्ये कर्ता घुसवायचा नाही. 'तो घरी जाताना' हे मराठीत निर्धास्त चालतं, म्हणून "व्हाइल ही गोइंग होम" तोंडातून निघतं. कर्ता हवाच असेल तर क्रियापद पूर्ण करा: "व्हाइल ही वॉज गोइंग होम".

याच कर्त्यापाशी खरी गोम आहे, आणि माझ्या विद्यार्थ्याचा अर्ज इथेच अडकला होता.

'घरी जाताना पाऊस आला.' या मराठी वाक्यात काही चूक नाही. जाणारे आपण, येणारा पाऊस. 'ताना' आणि 'ल्यावर' या रूपांना आपल्या भाषेने स्वतःचा वेगळा कर्ता ठेवायची मुभा दिली आहे, सांगून किंवा न सांगता. 'मी गेल्यावर तो आला', 'तू झोपला असताना फोन वाजला'. 'ऊन'ला ही मुभा सहसा नाही. 'मी जाऊन तो आला' म्हणून पाहा, लहान मूलही हसेल. इंग्रजी पार्टिसिपल दिसतं 'ताना'सारखं, पण वागतं 'ऊन'सारखं. "गोइंग होम, इट रेन्ड" म्हटलं की घरी जाणारा पाऊस. आणि "व्हाइल" लावून यातून सुटका होत नाही. "व्हाइल गोइंग होम, इट रेन्ड" यातही घरी जाणारा पाऊसच. अव्ययाने संबंध स्पष्ट होतो, कर्ता दुरुस्त होत नाही. हे एक वाक्य मी फळ्यावर लिहून ठेवते आणि महिनाभर पुसत नाही.

मग 'ऊन' घालून पाहिलं की चूक सापडेल का? बऱ्याचदा सापडते. पण मराठीचं 'ऊन'सुद्धा एका ठिकाणी इंग्रजीपेक्षा मोकळं आहे. 'ते ऐकून माझ्या डोळ्यांत पाणी आलं.' ऐकणारी मी. पण 'आलं' या क्रियापदाचा व्याकरणातला कर्ता कोण? पाणी. तरीही वाक्य निर्मळ मराठी आहे, कारण आपल्याकडे ज्याला अनुभव आला तो माणूस वाक्यात 'मला', 'माझ्या' असा कुठेही बसलेला असला, तरी मनातला कर्ता तोच असतो. 'बातमी ऐकून मला आनंद झाला', 'तुला पाहून आईला बरं वाटलं', सगळी अशीच. इंग्रजी मनातला कर्ता बघत नाही. मुख्य वाक्याच्या पहिल्या खुर्चीवर कोण बसलं आहे, एवढंच बघते. "हिअरिंग दॅट, टिअर्स केम टु माय आइज" म्हटलं, की खुर्चीवर अश्रू आणि ऐकणारेही अश्रू. "हिअरिंग दॅट, आय वॉज मूव्ह्ड टु टिअर्स" केलं की खुर्चीवर मी. 'पाऊस पडून रस्ते खराब झाले' यासारख्या वाक्यांतही आपलं 'ऊन' दोन कर्ते सहन करतं, कारण पाऊस कोणी पाडत नाही. तेही जसंच्या तसं इंग्रजीत नेता येत नाही.

म्हणून मी 'ऊन'ऐवजी खुर्चीची चाचणी शिकवते. स्वल्पविरामानंतरचा पहिला माणूस किंवा वस्तू धरायची, उचलून पहिल्या तुकड्यासमोर ठेवायची आणि पूर्ण वाक्य करायचं. "अ टेम्पो वॉज स्टँडिंग ॲट द सिग्नल." हे म्हणायचं होतं का? नाही. मग दुरुस्ती दोन प्रकारे. पहिल्या तुकड्याला त्याचा कर्ता परत द्या: "व्हाइल आय वॉज स्टँडिंग ॲट द सिग्नल, अ टेम्पो हिट माय स्कूटर फ्रॉम बिहाइंड." नाहीतर खुर्चीवर योग्य माणूस बसवा: "व्हाइल स्टँडिंग ॲट द सिग्नल, आय वॉज हिट फ्रॉम बिहाइंड बाय अ टेम्पो." विद्यार्थ्याने पहिलं निवडलं. बरोबर निवडलं, कारण तिथे स्कूटरचं नुकसान महत्त्वाचं होतं.

ही चूक फक्त आपण करतो असं मुळीच नाही. शेक्सपिअरच्या हॅम्लेटमध्ये राजाचं भूत मुलाला सांगतं, की लोकांत अशी बातमी पसरवली आहे: "स्लीपिंग इन माय ऑर्चर्ड, अ सर्पंट स्टंग मी." व्याकरणाने वाचलं तर बागेत झोपलेला साप. मराठीत म्हणा, 'बागेत झोपलेलो असताना मला साप चावला', आणि काहीच बिघडत नाही. इंग्रजीतही तिथे अर्थ कोणाचा चुकत नाही, कारण नाटकात संदर्भ भरपूर आहे. माझं मत असं, की गप्पांत आणि गोष्टीत अशी सैल वाक्यं अर्थ कळत असेल तर माफ करावीत. सॉसच्या बाटलीवरचं "वन्स ओपन्ड"सुद्धा काटेकोर पाहिलं तर सैलच आहे: उघडली जाते बाटली, आणि फ्रिजमध्ये ठेवायचं सांगितलं आहे आपल्याला. पण जिथे कोण उभं होतं आणि कोण चालत होतं यावर पैसे किंवा न्याय ठरतो, त्या अर्जात, जबाबात, डॉक्टरांच्या नोंदीत हा सैलपणा परवडत नाही.

काही पार्टिसिपलं या नियमातून कायमची सुटली आहेत. "जनरली स्पीकिंग", "जजिंग बाय हिज फेस", "कन्सिडरिंग हर एज" यांत बोलणारा, पारखणारा कोण हे कोणी विचारत नाही. ती वापरून वापरून शब्दयोगी किंवा अव्यय झाली. "प्रोव्हायडेड" हे आज 'या अटीवर' सांगणारं सरळ उभयान्वयी अव्यय आहे. "ड्युरिंग" हेसुद्धा मुळात टिकून राहणे अशा अर्थाच्या, आता मागे पडलेल्या क्रियापदाचं पार्टिसिपल आहे. नवल वाटत असेल तर आपलं 'म्हणून' पाहा. 'म्हण' या धातूला 'ऊन' लागून ते झालं, आणि आज 'पाऊस होता म्हणून आलो नाही' यात कोणीही काहीही म्हणत नसतं. धातुसाधिताचं अव्यय होणं ही दोन्ही भाषांतली जुनी वाट आहे.

पार्टिसिपलला स्वतःचा कर्ता द्यायची एक सोय इंग्रजीतही आहे: "इट बीइंग संडे, द बँक वॉज क्लोज्ड", "वेदर परमिटिंग". ही बरीच पुस्तकी आहे. इथे पुढे अव्यय लागत नाही, लागलंच तर "विथ" लागतं: "विथ द मान्सून अप्रोचिंग, फार्मर्स बॉट सीड." ओळखता आली की पुरे, लिहायची घाई नको.

आता अव्यय खरंच कुठे वाचवतं, ते सांगते. "आय मेट रमेश कमिंग आउट ऑफ द बँक." बँकेतून कोण बाहेर पडत होतं? क्लॉज नामाला चिकटून बसला आहे, म्हणून वाचणारा बहुतेक वेळा रमेशच धरेल. आपलं 'बँकेतून बाहेर पडताना मला रमेश भेटला' हेही तितकंच संदिग्ध आहे, फक्त कल उलटा, ऐकणारा 'मला'कडे झुकतो. इंग्रजीत "व्हाइल" घातलं की प्रश्न मिटतो: "आय मेट रमेश व्हाइल कमिंग आउट ऑफ द बँक", म्हणजे बाहेर पडणारी मी. क्लॉज आधी आला तर मागे स्वल्पविराम द्यायचा, हे कायम. नंतर आला आणि अव्ययासह आला तर सहसा स्वल्पविराम नको.

नकाराचंही एक बोलून टाकते. "नॉट" पार्टिसिपलच्या आधी येतं: "नॉट हॅविंग स्लेप्ट". पण 'न जेवता गेला', 'न सांगता आली' यांतलं 'न...ता' म्हणजे "नॉट" नव्हे, ते "विदाउट": "ही लेफ्ट विदाउट ईटिंग." "ही लेफ्ट नॉट ईटिंग" असं कोणी म्हणत नाही.

गेल्या आठवड्यात एका विद्यार्थिनीने ऑफिसला पाठवायचा मेल लिहून आणला. पाच सुटी वाक्यं: "आय वॉज नॉट फीलिंग वेल. आय वेंट टु द डॉक्टर. ही एक्झॅमिन्ड मी. ही टोल्ड मी टु रेस्ट. आय विल रिझ्यूम व्हेन आय रिकव्हर." चूक एकही नाही, पण एकेक वाक्य पायरीसारखं दगडी. मी म्हटलं, जोडून बघ. पहिला जोड तिने सहज घातला, अव्ययाशिवाय, कारण कारण उघड होतं: "नॉट फीलिंग वेल, आय वेंट टु द डॉक्टर." दुसऱ्या जोडाला ती म्हणाली, "आफ्टर एक्झॅमिनिंग मी, आय वॉज टोल्ड टु रेस्ट." मी काही बोलले नाही, फक्त खुर्चीकडे बोट दाखवलं. तिने हळू आवाजात वाचलं, "आय... एक्झॅमिन्ड... मी", आणि पेन उचललं. दोन वाक्यं लिहिली, एकाखाली एक. "आफ्टर एक्झॅमिनिंग मी, ही टोल्ड मी टु रेस्ट." "आफ्टर बीइंग एक्झॅमिन्ड, आय वॉज टोल्ड टु रेस्ट." विचार करून दुसरं ठेवलं, कारण मेल तिच्याबद्दल होता, डॉक्टरांबद्दल नव्हता. शेवटच्या वाक्याला तिने विचारलं, "वन्स रिकव्हर्ड" चालेल का? चालेल, म्हटलं. मग थोडं थांबून तिने ते खोडलं आणि "व्हेन आय रिकव्हर" तसंच राहू दिलं.